खंती म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे

नांदगाव पेठेहून अमरावतीला परिचर्या शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलीला शिक्षिकेने जातीवरून हिणवले, तर तिने काय करावे? घरचे म्हणतात, सोस आणि कोर्स पूर्ण कर. ही भीती खोटी नाही. प्रात्यक्षिकाचे व तोंडी परीक्षेचे गुण शिक्षिकेच्याच हाती असतात. याच जिल्ह्यातील डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ साली दिल्लीच्या एम्समधील अशाच पक्षपाताच्या तक्रारी नोंदविल्या.

परंतु खंती म्हणजे द्वेष न बाळगणे. अन्याय झाकणे नव्हे. तारीख, वॉर्ड, शब्द, साक्षीदार लिहून ठेवावेत. तिखटमीठ लावू नये. मुसावाद आपल्यालाही वर्ज्य आहे. प्राचार्यांना लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा पाठीशी आहे.

मात्र तिला एकटी सोडू नका. मुंबईच्या नायर रुग्णालयातील डॉ. पायल तडवी २०१९ साली गेल्या. छळाची तक्रार आधीच केली होती, असे त्यांच्या आईने सांगितले.

अतिसाराने मळलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः धुतले, आणि मग संघाला विचारले, याच्याकडे कोणी का पाहिले नाही? परिचर्येचा हा आद्य धडा आहे. बंधूंनो, तोच प्रश्न आज आपल्यालाही आहे.