बंद पडणं आणि बंद होणं

मराठीत यंत्र ‘बंद पडतं’. या क्रियापदातच यंत्राची हार गृहीत धरलेली असते. पण सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत मालवणारा जुना लॅपटॉप पुष्कळदा पडत नसतो, स्वतःला बंद करत असतो.

आमच्या संभाजीनगरच्या घरी माझा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा, २०१४ सालचा लॅपटॉप आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला तेव्हापासून तो असं करू लागला. विंडोज बिघडलं, असं घरच्यांचं मत. मी तो बायोसच्या पडद्यावर नुसताच ठेवला. विंडोज सुरूही न होता तो तिथेच गेला, म्हणजे विंडोज निर्दोष. बॅटरी काढून अडॅप्टरवर चालवला, तरी तेच. लगेच पुन्हा लावला तर आणखी लवकर जायचा, तासाभराने लावला तर जास्त टिकायचा. मग शंका उष्णतेवरच. खालचं झाकण उघडलं, तर पंख्यापुढच्या जाळीत धुळीची जाड गादी बसलेली आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ब्रश आणि नवी पेस्ट, एवढ्यावर भागलं. (आमच्याकडची धूळ हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तेवढ्याने भागलं नाही तर वीज तोडतो, न विचारता. सेव्ह न केलेली फाइल जाते, चिप वाचते.

स्वतःला वाचवण्यासाठी असं थांबणं न्याय्य आहे का? लॅपटॉप एकटा असतो, त्याच्यापुरतं उत्तर सोपं आहे. पण ३० जुलै २०१२च्या पहाटे बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वीजवाहिनी सुटली. तिच्यात बिघाड नव्हता. भार एवढा वाढला होता की संरक्षक रिलेला तो बिघाडच वाटला. तिचा भार इतर वाहिन्यांवर गेला, त्याही एकेक करून सुटल्या आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतही. ६० कोटींहून जास्त लोकांची वीज गेली. प्रत्येक रिले आपापल्या जागी नियमानेच वागली होती. आणि तारा, ट्रान्सफॉर्मर जळले नाहीत म्हणूनच वीज काही तासांत परत आणता आली.

माझ्या टीममधल्या एकाने गेल्या वर्षी अचानक राजीनामा दिला. ‘टिकला नाही’ असं मीटिंगमध्ये म्हटलं गेलं. त्याचं काम आम्हा तिघांवर आलं. मला त्याचा राग आला आणि तो राग मी अजूनही खोटा मानत नाही; आमच्या झोपेची किंमत त्याच्या हिशोबात नव्हती. पण त्याआधी दोन महिने तो रात्रीचे ऑन-कॉल कमी करून मागत होता. म्हणजे प्रोसेसरची पहिली पायरी मागत होता. हळू होणं आमच्याकडे कामगिरीच्या गुणांत मोजलं जातं. निघून जाणं मात्र कुठेच मोजलं जात नाही. पहिली पायरी काढून घेतल्यावर दुसरीबद्दल दोष कोणाला द्यायचा, यावर त्या मीटिंगमध्ये कोणी बोललं नाही.

त्याच्या रात्री आता आम्ही तिघं वाटून घेतो. आमच्यातल्या एकीने परवा आठवड्याची एक रात्र कमी करून मागितली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.