कळपातला कारकून

खासगीपणाची खरी चैन आमच्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात कोणाला असेल, तर ती मोटारींना. चाकण-तळेगाव रस्त्याला घटकाभर उभे राहा. काळ्या-पांढऱ्या नागमोडी नक्षीचे स्टिकर अंगभर लपेटलेली एखादी गाडी भर्रकन निघून जाईल. ती चाचणीवर असते. बाजारात येण्याआधी तिचं नाक-डोळे कोणाला दिसू नयेत म्हणून घेतलेली ही काळजी! आमच्या चाळीत दोरीवरच्या कपड्यांनाही कधी इतका आडोसा मिळाला नाही.

माणसावर चाचणी करायची असली की मात्र पद्धत नेमकी उलटी. तिथे चाचणी घेणारा झाकलेला आणि माणूस उघडा.

कशावरून म्हणता? सांगतो. इंटरनेटचं जग आपण ज्या खिडकीतून पाहतो, तिला ब्राउझर म्हणतात. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझरसाठी कुकी नावाची एक युक्ती निघाली. नाव बिस्किटाचं, काम चिठ्ठीचं. पुन्हा आलेलं गिऱ्हाईक ओळखता यावं म्हणून दुकानदाराने त्याच्याच खिशात ठेवलेली चिठ्ठी. इथवर ठीक होतं. पण पुढे जाहिरातवाल्यांनी दुकानादुकानांत आपला माणूस बसवला आणि तो जागोजागी तुमच्या खिशात हात घालून आपली चिठ्ठी वाचू लागला. हिला त्रयस्थ कुकी म्हणतात. एकदा नुसता कमरेच्या पट्ट्याचा भाव पाहा. मग क्रिकेटचा स्कोअर पाहिलात तरी पट्टा, पंचांग उघडलंत तरी पट्टा. शेवटी मागून बायको विचारते, "कंबर दुखत होती तर बोलला का नाहीत?"

लोकांची कुरकुर वाढली तेव्हा गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरसाठी 'प्रायव्हसी सँडबॉक्स' नावाची योजना काढली. तिच्यातली 'फ्लॉक' नावाची चाचणी मार्च २०२१ मध्ये सुरू झाली. इंग्रजीत या उच्चाराचा अर्थ कळप. तुम्ही काय पाहता ते तुमच्याच ब्राउझरने ध्यानात ठेवायचं, सारख्या आवडीच्या हजारोंच्या कळपात तुम्हाला घालायचं आणि जाहिरातवाल्याला फक्त कळपाचा नंबर सांगायचा. नाव नाही, गाव नाही.

कळपाचं आम्हाला वावडं नाही हो! सकाळी निगडीच्या स्टॉपवर शर्टाच्या रंगावरून माणूस कोणत्या कंपनीचा ते कळतं. मी बँकेच्या काउंटरवर बसतो, तिथेही पगारावरून कळप पडतात. एक तारखेवाले, सातवाले, दहावाले आणि कंत्राटदार देईल तेव्हावाले. तेव्हा कळपात घातलं याचं मला दुःख नाही. माझी हरकत वेगळी आहे. ही चाचणी निवडक देशांतल्या अर्धा टक्का लोकांवर झाली, आणि त्यात आपण आहोत की नाही हे ब्राउझर आपणहून सांगत नव्हता. निवडलेल्यांत भारत होता, अमेरिका, जपान, ब्राझील होते. युरोपीय संघ मात्र नव्हता. तिथला माहिती-संरक्षणाचा कायदा कडक. माणसाला न विचारता चाचणीत ओढता येईल का, ही शंका आडवी आली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता. पण कायदा झाला २०२३ मध्ये आणि त्याचे नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात आपल्याला हक्क होता, पण त्याचं काउंटर उघडलेलं नव्हतं!

फ्लॉक काही महिन्यांतच आटोपलं आणि २०२२ मध्ये 'टॉपिक्स' आलं. ब्राउझर दर आठवड्याला तुमचे पाच आवडते विषय काढी आणि मागच्या तीन आठवड्यांतला एकेक विषय जाहिरातवाल्याला सांगे. त्यातही शंभरात पाच वेळा मुद्दाम भलताच विषय सांगे, म्हणजे कोणाला नक्की अंदाज येऊ नये. धर्मराज एकदाच अर्धं खोटं बोलला, तर त्याचा रथ जमिनीला टेकला. इथे थाप मारण्याचा टक्काच ठरवून दिलेला!

२०२३ मध्ये ही सोय सर्वांसाठी सुरू करताना युरोपात लोकांना विचारलं गेलं, "चालू करू की नको?" इतरत्र नुसतं कळवलं आणि खाली बटण दिलं, 'समजलं'. शेजारी सेटिंग्जचंही बटण होतं, पण घाईतला माणूस तिकडे कशाला जातो? आता "चालेल का?" हा प्रश्न आहे आणि "समजलं?" हा साहेब आहे. हा फरक कारकुनाला वेगळा शिकवावा लागत नाही.

कोणी म्हणेल, अहो, हे तुमच्याच भल्यासाठी होतं, पूर्वीपेक्षा कमीच माहिती बाहेर जात होती. कबूल. पण औषधही भल्याचंच असतं. आमच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून उभी आहे, पेनिसिलिनची महती आम्हाला कोणी सांगायला नको. तरीही नवं औषध माणसावर आजमावायचं तर आधी त्याला समजावून सांगावं लागतं, लेखी संमती घ्यावी लागते आणि मधेच "नको" म्हणायची मुभा ठेवावी लागते. भलं करणाऱ्यालाच ही सक्ती का? कारण वाईट करणारा विचारायला येतच नाही!

तुम्ही म्हणाल, बँकवाला कोणत्या तोंडाने बोलतो? त्याला तर सगळ्यांचं सगळं ठाऊक. खरं आहे. कोणाची ठेव मुलाच्या फीसाठी मोडली, कोणाचे किती हप्ते थकले, कोण घरात न सांगता दरमहा गावी आईला पैसे पाठवतो, हे सगळं मला दिसतं. पण राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू होताना १९७० च्या कायद्याप्रमाणे निष्ठेची आणि गोपनीयतेची प्रतिज्ञा सही करून द्यावी लागते. म्हणून लग्नात तोच खातेदार पंगतीला शेजारी बसला, तरी मी जिलबीखेरीज कशाची चौकशी करत नाही. ओळखीच्या माणसांत राहायचं म्हटल्यावर कोणाला ना कोणाला आपलं काही माहीत असणारच. आपल्याला न विचारता तो ते पुढे सांगतो का, एवढीच खासगीपणाची कसोटी. ती कारकुनाला लागू असेल, तर यंत्राला माफी कशी?

पुढे काय झालं? जानेवारी २०२४ मध्ये क्रोम वापरणाऱ्यांपैकी शंभरात एकाची त्रयस्थ कुकी बंद करून पाहिली. जुलैमध्ये गूगलने सांगितलं, सरसकट बंद करणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये टॉपिक्ससकट बहुतेक योजना गुंडाळल्याचं जाहीर झालं. चिठ्ठ्या खिशातच राहिल्या. आमची मात्र पास-नापासाची यादीसुद्धा लागली नाही.

उद्या कोणी नवी चाचणी काढील. खुशाल काढा. आम्ही भिडस्त माणसं, बहुतेक जण "असू द्या, चालेल" असंच म्हणू. पण ते आमच्या तोंडून येऊ द्या. आमच्याकडे दारी आलेल्याला चहासुद्धा विचारून देतात. तो "नको" म्हणाला, तर "अर्धा कप तरी?" असं पुन्हा विचारतात. झोपला असताना तोंडात ओतत नाहीत.