'नाही' आणि 'सापडलं नाही'

पुण्यात नवा होतो तेव्हा रूममेटला विचारलं, "काय करायलास?" तो पुढच्या शब्दाची वाट बघत थांबला. लातुरात हा पूर्ण प्रश्न आहे, पुण्यात अर्धवट. शेवटी त्यानंच विचारलं, "म्हणजे?" आणि प्रश्न मिटला. कॉम्प्युटर "म्हणजे?" असं विचारत नाही, हे मला नांदेडात कळलं.

सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निजामकाळातले उर्दू कागद, मोडीतल्या वह्या, गावोगावची कोतवाल बुकं. आरक्षणाच्या त्या वादात बाजू अनेक आहेत; माझं काम त्यातलं अगदी लहान होतं. मी स्कॅन केलेली पानं शोधून द्यायचो. हस्तलिखित पान मशीनला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचणाऱ्यांनी प्रत्येक फाइलच्या नावात गाव, साल आणि जातीच्या रकान्यातला शब्द जसाच्या तसा लिहिला होता. कुठं 'कुणबी', कुठं 'कुनबी', कुठं नुसतं 'कु.'

एक काका आले. नातीच्या प्रमाणपत्रासाठी आजोबांची नोंद हवी होती. मी 'फाइंड' कमांडला नमुना दिला: कंसात 'कुणबी', मग उभी रेघ, मग 'कुनबी'. म्हणजे हे किंवा ते. उत्तर रिकामं आलं. मी म्हणालो, "काका, नाही."

दोन दिवसांनी चूक दिसली. रेग्युलर एक्सप्रेशनच्याही बोली असतात. ग्नू फाइंड मुळात ईमॅक्सची बोली धरून चालतं, आणि त्या बोलीत साधा कंस म्हणजे कंस, उभी रेघ म्हणजे रेघच. 'किंवा' म्हणायचं तर रेघेआधी उलटी तिरपी रेघ लागते. नाहीतर 'रेजेक्सटाइप' देऊन पॉझिक्स एक्स्टेंडेड बोली निवडावी लागते. मी ज्या नावात खराखुरा कंस आणि खरीखुरी रेघ आहे अशी फाइल मागितली होती. तशी फाइल नव्हतीच. फाइंडनं प्रामाणिक उत्तर दिलं आणि एररही दिली नाही, कारण त्याच्या लेखी काहीच चुकलं नव्हतं.

मग चूक कुणाची? टूल खोटं बोललं नाही. खोटं मी बोललो, तेही नकळत. 'मला सापडलं नाही' यातला 'मला' मी गाळला.

तेव्हापासून नमुना सैल ठेवतो. 'कु.' तसंच टाकलं तर टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, आणि 'कुंभार'ही येतो. कुंभाराची नोंद कुणब्याची म्हणून पुढं गेली तर तोही अन्यायच. पण जास्तीचं आलेलं पान डोळ्यांसमोर असतं, ते वाचून बाजूला काढता येतं. सुटलेलं पान कुणालाच दिसत नाही. शंभर पानं चाळून डोळे थकतात आणि तिथंही चुका होतात, हे खरं. तरी माझा थकवा आणि काकांचा हेलपाटा यात निवड करायची तर थकवा माझ्याकडं राहावा.

मी काकांना फोन केला. "काका, मी 'नाही' म्हणालो ते चुकलं. परत बघायलोय."

ते थोडा वेळ गप्प राहिले. "बापू, मी तर घरी सांगून बसलो, आपलं नाही म्हणून."

या वेळी त्यांच्या गावची बरीच पानं निघाली. आम्ही दोघांनी ती एकेक वाचली. आजोबांचं नाव त्यात नव्हतं. मी म्हणालो, "या फोल्डरात नाही काका. तुमच्या गावच्या काही वह्या अजून स्कॅन व्हायच्यात, त्या राहिल्यात."

हातात दोन्ही वेळेला काहीच नव्हतं. पण या वेळी त्यांनी त्या राहिलेल्या वह्यांची सालं चिठ्ठीवर लिहून घेतली आणि चिठ्ठी खिशात ठेवून गेले.