कागदावर बेतलेला वेळ

हातशिवणीत खरी अडचण टाक्याची नसते, मापाची असते. टाका सरावाने हाताला बसतो. पण शेकडो तुकडे बिनचूक जुळवायचे तर टेबल, पट्टी, चांगला उजेड आणि सलग वेळ लागतो. हे सगळं एकदम क्वचितच मिळतं. ‘इंग्लिश पेपर पीसिंग’मध्ये मापाचा भार कागद उचलतो. जाडसर कागदाचे एकसारखे षटकोन कापायचे, पाव इंच माया सोडून त्यांवर कापड दुमडायचं आणि कच्चे टाके घालून ठेवायचे. घरी एका बैठकीत मूठभर षटकोन तयार झाले की पुढची शिवण डबीत मावते. गाडीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही करता येते.

आपली गोधडी अंथरून शिवायची असते. जुनी लुगडी-धोतरं थरावर थर पसरायची, कडेपासून धावदोरा घालत आत सरकायचं. तिला जागा लागते. षटकोनांना एक मांडी पुरते.

दोन षटकोन सुलट बाजू आत घेऊन समोरासमोर धरावेत आणि घडीचे दोन-तीन धागे तेवढे उचलत काठावर बारीक टाके घालावेत. सुई कागदाला लागली की बोटांना लगेच कळतं. ती कागदात न घुसता त्याच्या कडेवरून सरकली पाहिजे. तिसरा षटकोन बसवताना आधीच्यांपैकी एक दुमडून घ्यावा लागतो. मग १२० अंशांचे तीन कोन एका बिंदूत येतात, आणि कागद नीट कापलेला असेल तर तिथे भोक राहत नाही. मशीनवर हाच सांधा करायचा तर दर कोपऱ्याला थांबून कापड वळवावं लागतं. या जागी हात मशीनपेक्षा सरस आहे, असं मी ठामपणे म्हणेन. सहाही बाजू जोडल्या गेल्या की कच्चा दोरा उसवून कागद काढून घ्यायचा. मी जुन्या लग्नपत्रिका वापरते. तो कागद पुन्हा पुन्हा चालतो.

ही पद्धत जुनी आहे. ब्रिटनमधलं, साल शिवलेलं सर्वांत जुनं ज्ञात पॅचवर्क १७१८चं आहे. रेशमी तुकड्यांची ती चादर कागदावरच बेतलेली आहे. जेन ऑस्टिनने ३१ मे १८११च्या पत्रात बहीण कॅसांड्राला विचारलंय, पॅचवर्कसाठी तुकडे गोळा करायचं लक्षात आहे ना? त्यांच्यावाचून काम अडलं होतं. त्याच वर्षी तिची पहिली कादंबरी छापून आली. आई आणि दोघी बहिणींनी केलेली चादर चॉटनच्या त्यांच्या घरात आजही पाहता येते.

मला मात्र जास्त भिडते ती सिंगापूरची चादर. दुसऱ्या महायुद्धात चांगी तुरुंगात जपान्यांनी डांबलेल्या मुलींच्या गर्ल गाइड पथकाने मिळतील त्या चिंध्यांचे षटकोन जोडून आपल्या मार्गदर्शक बाईंना वाढदिवसाची भेट म्हणून चादर शिवायला घेतली. ती आता लंडनच्या इम्पीरिअल वॉर म्युझियममध्ये आहे. अशा शिवणीला ‘वेळ घालवणं’ म्हणतात, ते मला पटत नाही. या मुलींचा दिवस त्यांच्या हातात नव्हता, षटकोन होता. त्याच्या सहा बाजू कुठे आणि कशा जुळतील हे त्यांनी ठरवायचं होतं.

आकडा मोठा वाटतो, हे खरं. एक इंच बाजूच्या षटकोनाचं क्षेत्रफळ सुमारे २.६ चौरस इंच. ६० बाय ८० इंचांच्या चादरीला असे १,८००हून जास्त लागतात आणि शिवणी साडेपाच हजारांच्या आसपास होतात. पण कोणतीही एक शिवण काही मिनिटांचीच असते आणि ती अर्ध्यावर सोडली तरी माप बिघडत नाही. कागद ते धरून असतो. मुलं, नोकरी, आजारपण यांतून उरलेला वेळ तुटकच येतो. तो तसाच्या तसा वापरता येईल अशी कामं फार थोडी आहेत.

पूर्वी घरात आलेली पत्रं, बिलं, मुलांच्या जुन्या वह्या कापूनच हे षटकोन करत. पूर्ण झालेल्या चादरींतून ते बहुतेक निघून गेले. अर्धवट राहिलेल्यांत मात्र अजून सापडतात, आणि अभ्यासक त्यांवरून काळ ठरवतात. कागदावर साल असेल तर चादर त्याआधीची नाही, एवढं नक्की होतं. म्हणून कुणाच्या ट्रंकेत असं अर्धवट काम निघालं, तर ते पुरं करायला घेण्याआधी उलट बाजूने वाचून घ्यावं.