आडबाजूच्या भेटी आणि सुरक्षितता

पुरुषांनी लैंगिक संबंधांसाठी अनोळखी पुरुषांना सार्वजनिक जागी भेटणे, म्हणजे शहरात ज्याला ‘क्रूझिंग’ म्हणतात ते, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांत घडते ते मुख्यतः जागेच्या टंचाईमुळे. घर दोन खोल्यांचे, त्यात आईवडील, बायको, मुले. लॉजवाला ओळखपत्र मागतो आणि बहुधा ओळखीचाच निघतो. मग उरतो तो स्थानकाबाहेरचा, महामार्गालगतचा, माळरानावरचा अंधार. मोबाइलवरच्या अ‍ॅपने ओळख होणे सोपे केले, जागा मात्र दिली नाही. मुंबईत माणसाला गर्दीत हरवता येते. शहापूरजवळच्या आसनगावला लोकलमधून उतरले की कोणीतरी नावाने हाक मारतेच. त्यामुळे इथल्या पुरुषाला आजारापेक्षा, मारापेक्षाही ओळखले जाण्याची भीती मोठी. लुटारू याच भीतीवर जगतात आणि दवाखाना याच भीतीपायी टळतो.

कायदा आता बऱ्याच अंशी त्याच्या बाजूने आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेजसिंग जोहर खटल्यात सज्ञानांचे संमतीने, खासगीत आलेले समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या कक्षेतून काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. मात्र निर्णयातला ‘खासगीत’ हा शब्द विसरून चालत नाही. सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असे अश्लील कृत्य केल्यास न्याय संहितेच्या कलम २९६ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नुसते उभे राहणे, बोलणे, समलिंगी असणे हा गुन्हा नाही. समोरचा अठराच्या आतला असेल तर त्याच्या संमतीला कायद्यात अर्थ नाही आणि तिथे माघारी फिरणे हाच एक मार्ग.

लुटीची रीत ठरलेली असते. एक जण बोलावतो, मागून दोघे-तिघे येतात, त्यांतला एक स्वतःला पोलीस म्हणवतो. फोन हिसकावून ‘घरी लावू का?’ असे विचारतो आणि यूपीआयने पैसे मागतो. पोलिसाला जागेवर स्वतःच्या खात्यात पैसे घेण्याचा अधिकार नाही. ही कलम ३०८ खालची खंडणीच. त्या क्षणी वाद न घालता जीव वाचवावा. पुढच्या मागणीला मात्र पैसे देऊ नयेत, कारण दिल्याने मागणी थांबत नाही, वाढते. संदेश आणि व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवावा, सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. गावच्या ठाण्यात ओळखीचा हवालदार असेल तर कल्याणला जावे. सोबतीला वकील किंवा १९९४ पासून मुंबईत काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टसारखी संस्था असली तर बळ येते.

आधीची काळजी साधी आहे. पहिली भेट उजेडात, चहाच्या टपरीवर व्हावी. एका तरी विश्वासू मित्राला ठिकाण माहीत असावे. साखळी-अंगठी घरी ठेवावी, बँकेच्या अ‍ॅपला वेगळे कुलूप असावे. परतीची वाट हा या भागातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. मुरबाडला रेल्वे नाही. शेवटची एसटी गेली की माणूस अनोळखी माणसाच्या मोटारसायकलवर अवलंबून राहतो आणि नको म्हणण्याची त्याची ताकद तिथेच संपते. पावसाळ्यात झुडपांत घोणस, मण्यार असतात, म्हणून विजेरी हवीच. रूळ ओलांडून आडोसा गाठणे तर जिवावर बेतणारे.

निरोध पाकिटात महिनोन्महिने ठेवला तर उष्णतेने खराब होतो. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावल्यास लॅटेक्स फाटते. पाण्यावर आधारित जेलच वापरावे. निरोध फाटला, तर एचआयव्ही टाळण्याची २८ दिवसांची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि जितकी लवकर तितकी उत्तम. शनिवारी रात्री नऊला प्रसंग घडला तर मंगळवारी रात्री नऊला मुदत संपते. रविवारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग बंद असतो, पण तातडीचा विभाग उघडा असतो; सोमवारची वाट पाहू नये. वारंवार जोखीम असणाऱ्याने चाचणी करून, डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजची प्रतिबंधक गोळी घेता येते.

सिफिलिसचा पहिला व्रण दुखत नाही आणि आपोआप भरतो. बरे वाटते, पण रोग आतच राहतो. गुदद्वारातला गनोरिया बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही. म्हणून त्रास नसतानाही दर तीन-सहा महिन्यांनी तपासणी करावी. संबंध कसे येतात हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय योग्य जागेचा नमुना घेतलाच जात नाही. हेपॅटायटिस बी ची लसही घ्यावी.

सरकारी चाचणी केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत होते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय चाचणी करणे आणि निकाल फोडणे या दोन्हींना मनाई केली आहे. शहापुरात संकोच वाटला तर ठाणे शहरात करावी. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. निदान झाल्यास औषधे मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजण्याच्या पातळीखाली राहिला की लैंगिक संबंधातून तो पुढे जात नाही. लग्न झालेल्या पुरुषाच्या पत्नीला बहुधा यातले काहीच ठाऊक नसते, पण जोखीम तिलाही असते. निदान होईपर्यंत आणि उपचार लागू पडेपर्यंत तिच्यासोबतही निरोध वापरायला हवा, आणि समुपदेशकाच्या मदतीने तिचीही चाचणी व्हायला हवी.