माल आणि सामान

तितिकाका सरोवराच्या ज्या चिंचोळ्या भागाला तिकिनाची सामुद्रधुनी म्हणतात, जेथे ला पाझहून कोपाकबानाला निघालेली बस एका लाकडी तराफ्यावर चढवतात आणि उतारूंना खाली उतरवून वेगळ्या होडीतून पलीकडे धाडतात, तेथे होडीची वाट पाहत मी उभा होतो. सॅक बसमध्ये ठेवून देण्याचा धीर न झाल्यामुळे ती माझ्या पाठीवरच होती. शेजारच्या एका वृद्ध आयमारा बाईने तिला दोन बोटांनी दाबून पाहिले आणि विचारले, "विकायला काय आणलंयस?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मग कुणाला पोचवायचंय?"

"कुणालाच नाही. सगळं माझंच आहे."

बाई हसली, शेजारणीला आयमारात काही बोलली, तीही हसली, आणि तेवढ्यात होडी लागली. संभाषण एवढेच; पण बुटात शिरलेल्या खड्यासारखे ते मला पुढे तीन आठवडे टोचत राहिले.

बोलिव्हियाविषयी जे नेहमी लिहिले जाते ते वाचकांना ठाऊक असेलच. ला पाझची विरळ हवा, एल आल्तोपर्यंत डोक्यावरून जाणारे पाळणे, उयुनीचे दहा हजार चौरस किलोमीटरांहून विस्तीर्ण मिठागर, चघळायची कोकाची पाने, आणि समुद्रकिनारा चिलीशी 1879 साली सुरू झालेल्या युद्धात गमावूनही इमानाने आरमार बाळगणारे सरकार, हे सारे मी पाहिले, मला ते आवडले, आणि त्याविषयी माझ्याजवळ नवे सांगण्यासारखे काही नाही. बाईच्या प्रश्नाविषयी मात्र आहे.

आमच्या लहानपणी जकातनाक्यावर गाडी थांबली की कारकून खिडकीतून डोके आत घालून विचारी, "माल आहे का?" आणि वडील तितक्याच ठामपणे म्हणत, "नाही, घरचं सामान आहे." या दोन शब्दांतला भेद मला तेव्हापासून प्रिय आहे. मालाला मुक्काम असतो. तो कोठून तरी निघून कोणाकडे तरी पोचायचा असतो, आणि पोचला की वाहणाऱ्याची पाठ मोकळी होते. सामान घरून निघते, जग हिंडते आणि घरी परत येते. वाटेत ते कोणाचे काही लागत नाही, म्हणूनच त्यावर जकातही लागत नाही. तिकिनाच्या बाईने मला विचारला तो त्या कारकुनाचाच प्रश्न. फरक इतकाच की वडिलांचे उत्तर ऐकून कारकून गाडी सोडून देई, आणि बाईला तेच उत्तर हास्यास्पद वाटले.

वाटणारच. अँडीजच्या या पठारावर पाठ ही मालासाठी असते. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी येथे चाकाची गाडी नव्हती. इंकांच्या साम्राज्याचे धान्य, कापड, शस्त्रे, सारे माणसांच्या आणि लामांच्या पाठीवरून फिरले. लामा फार तर 25-30 किलो वाहतो, त्यामुळे त्यांचे तांडेच्या तांडे मिठागरांतले मीठ घेऊन खालच्या खोऱ्यांत उतरत आणि मका घेऊन वर येत. आपल्याकडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून हिंडणाऱ्या लमाणांना हा व्यवहार मुळीच परका वाटला नसता. आजही बाईमाणसाच्या पाठीवर आग्वायो असतो: रंगीत पट्ट्यांचे जाड, चौकोनी वस्त्र, ज्याची गाठ छातीवर येते आणि ज्यात कधी मूल असते, कधी कांदे असतात, कधी मूल आणि कांदे दोन्ही.

येथे थोडे आडवळण घेतो, कारण या लोकांचा एक देवच पाठीवर ओझे घेऊन उभा असतो. त्याचे नाव एकेको. ठेंगणा, मिशाळ, हात पसरलेला, आणि अंगभर लादलेला: इवलाली पोती, इवल्या नोटांच्या गड्ड्या, घर, मोटार. ला पाझला 24 जानेवारीपासून आलासिता नावाची जत्रा भरते; वर्षभरात जे हवे त्याची चिमुकली प्रतिकृती लोक तीत विकत घेतात आणि भर दुपारी बारा वाजता तिच्यावर आशीर्वाद घेतात. देवाच्या तोंडात पेटती सिगारेटही खोचतात. वैभवाचा देव हमालासारखा दिसावा, ही कल्पना मला कुबेराच्या कल्पनेपेक्षा सरस वाटते. पण एकेकोच्या पाठीवरचे सारे दुसऱ्यांना देण्यासाठी असते, आणि माझ्या सॅकमध्ये चार मोजे, विजेरी व औषधांची डबी होती.

हा सारा प्रसंग मी ला पाझच्या वसतिगृहात पुण्याच्या एका तरुण अभियंत्याला सांगितला. "काका, तुम्ही उगाच मनाला लावून घेता," तो म्हणाला. "आपलं ओझं आपण वाहतो, कुणाच्या डोक्यावर बसत नाही. ते चाकाच्या बॅगा घेऊन येणारे बघा, दारात टॅक्सी, उचलायला माणूस!"

तिकिनापर्यंत हे माझेच मत होते, आणि आता ते त्याच्या तोंडून ऐकताना मला विलक्षण राग आला. हे स्वावलंबन तरी कसले? चौकाचौकांत वाफाळते सूप मिळणाऱ्या शहरात हा गृहस्थ स्वतःची चूल, स्वतःचे डबे, पाणी गाळायचे स्वतःचे यंत्र घेऊन हिंडत होता, आणि सकाळीच मंडईत बटाटेवालीशी दोन बोलिव्हियानोंसाठी पाव तास घासाघीस करून आल्याचे अभिमानाने सांगत होता. तो जितका स्वयंपूर्ण, तितका गावाला निरुपयोगी. अर्थात, मी ताणतो आहे हे मला कळते. त्याची कमाई थोडी, रजा त्याहून थोडी, आणि असल्या मुलाने हमाल लावावा असे म्हणणे हा माझ्या निवृत्तिवेतनाचा उद्दामपणा झाला.

शिवाय पोतोसी आडवे येते. तेथील डोंगरात 1545 साली चांदी सापडली, आणि व्हाइसरॉय तोलेदोने 1570 नंतरच्या दशकात गावोगावच्या लोकांवर खाणीची पाळी लादली. तिचे नाव मिता. आपल्या दप्तरांत तिला वेठ म्हटले असते. चामड्याच्या शिड्यांवरून पाठीवर खनिज घेऊन चढणाऱ्या त्या माणसांची चांदी लामांच्या तांड्यांवरून समुद्राकडे गेली, युरोपमार्गे सुरतेच्या टांकसाळीपर्यंत पोचली आणि मोगलांचे रुपये झाली; 1664 साली शिवाजी महाराजांनी सुरतेहून जो ऐवज आणला, त्यातही तिचा काही अंश असेल. एवढे पाहिल्यावर, दुसऱ्याच्या पाठीवर आपले ओझे देण्याची लाज वाटणे हा सद्गुणच आहे, असे मी पोतोसीच्या टांकसाळीच्या अंगणात स्वतःला सांगितले, आणि मला बरे वाटले.

ते फार टिकले नाही. वेठीच्या माणसाला नाही म्हणता येत नव्हते. हमाल दर सांगतो, घासाघीस करतो, न परवडल्यास उठून जातो. या दोघांना एका मापाने मोजून मी पोतोसीच्या मृतांचा उपयोग माझे पैसे वाचवण्यासाठी करत होतो. ज्या चाकाच्या बॅगवाल्यांची मी वर्षानुवर्षे टिंगल केली, त्यांचे सामान निदान दारापासून खोलीपर्यंत तरी कोणाच्या तरी रोजगाराचा माल होते. या निष्कर्षापर्यंत यायची माझी इच्छा नव्हती. पण आलो.

सोराता हे गाव 6,368 मीटर उंचीच्या इल्यांपू शिखराच्या पायथ्याशी आहे. तेथे सकाळी चौकात एका खेचरवाल्याने विचारले, "खेचर हवं का?" एवढा विचार करून झाल्यावरही माझ्या तोंडून, केवळ सवयीने, नकार निघाला. त्याने आग्रह केला नाही. त्याचे घर माझ्याच वाटेवर होते, म्हणून तो बरोबर चालू लागला: पुढे खेचर, पाठीवर रिकामे लाकडी पालाण, त्यावर नीट गुंडाळलेली दोरी, मग तो, हात खिशात, आणि मागे धापा टाकत मी. मी थांबलो की ते दोघेही थांबत. खेचर मान वळवून माझ्याकडे पाही. अशी दोन तासांची चढण झाल्यावर मी मनातला सारा वाद एकदाचा मिटवला आणि विचारले, "वरपर्यंत किती घ्याल?"

त्याने वळणावरच्या मातीच्या भिंतींच्या घराकडे बोट केले. "माझं घर आलं," तो म्हणाला. मग पालाण उतरवून भिंतीला टेकवले, खेचराची पाठ हाताने खसाखसा चोळली आणि आत जाऊन माझ्यासाठी पत्र्याच्या पेल्यात पाणी आणले. वर अजून तीन तासांची चढण होती.