ग्रेड पाहिलात, पेपर कोण पाहणार?

बसा खाली. मोबाइल खिशात घाला. निकाल लागल्यापासून वर्गात एकच चर्चा: कुणाला ओ, कुणाला बी, कुणाची एटीकेटी. चाचणीचे तपासलेले पेपर मात्र टेबलावर धूळ खात पडलेत. "सर, मला किती?" एवढं विचारून सगळे पसार!

त्यातलंच एक उत्तर. प्रश्न ठिबक सिंचनाच्या फायद्यांचा. गाइडमधल्या चार ओळी जशाच्या तशा उतरवल्यात. लिहिणाऱ्याच्या घरी दोन एकर आलं ठिबकवर उभं आहे, रोज सकाळी व्हॉल्व्ह फिरवून तो कॉलेजला येतो. त्यावर एक अक्षर नाही! मी खाली लिहिलं, "घरचं उदाहरण कुठंय?" तो शेरा त्यानं अजून वाचलेला नाही.

ज्या आकड्यासाठी जीव टाकता, तो निघतो कसा हे तरी पाहिलंत का? यूजीसीच्या श्रेणीत बी म्हणजे 6, बी प्लस म्हणजे 7. सत्र 22 क्रेडिटचं धरा. 4 क्रेडिटच्या पेपरला बीचा बी प्लस झाला, तर एसजीपीए वाढतो जेमतेम 0.18. एवढ्यासाठी "हे परीक्षेला येणार का?" विचारून माझं शिकवणं मधेच तोडता?

1988 साली रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग ऐका. काहींना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. कामाची गोडी सगळ्यांत जास्त टिकली ती नुसता शेरा मिळालेल्यांची. गुण दिसले की शेरा वाया गेला. ती लहान मुलं होती. तुम्ही पदवीला आहात!

आणि एफ मिळाला म्हणून कॉलेज सोडायची भाषा करणाऱ्यांनो, कान उघडे ठेवा. एफ त्या पेपरला मिळालाय, तुम्हाला नाही. ओ मिळवून पुस्तक मिटणाऱ्यांनाही सांगतो, विषय संपलेला नाही.

देवगाव रंगारीसारख्या गावातून पदवीसाठी घराबाहेर पडणारी तुमच्या घरातली पहिलीच पिढी असेल, तर गाइडची नक्कल करून ती संधी मातीत घालू नका. आत्ता उठा, आपापला पेपर घ्या, शेरा वाचा. सोमवारी तेच उत्तर नव्यानं लिहून आणायचं. त्याला मार्क मिळणार नाहीत. तरीही आणायचं, आणि मी प्रत्येक ओळ वाचणार आहे.